पापुद्र्याखालचे लावे

अलाबामात त्या जानेवारीत पाऊस पडतापडताच गोठला आणि माळावरच्या गवतावर बर्फाचा पापुद्रा बसला. शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेचा घोड्यावरचा पंच टार्पली मनातून धुमसत होता. गाडीत ऊब घेत बसलेल्या मालकांना त्यांची कुत्री सेडी म्हणजे दिवाणखान्यातली बक्षिसाची एक ढाल, बाकी काही नाही. तिला शिकवणारा लेम मात्र तिच्याच जिवावर जगत होता, आणि ती वीस मिनिटं दिसेनाशी झाली होती.

सापडली तेव्हा शेपूट ताठ, एक पाय उचललेला, पाठीवर बर्फ. लावे पक्षी इथेच दडलेत, असं तिचं सगळं अंग सांगत होतं. लेमने समोरचं गवत तुडवलं. एक पीसही उडालं नाही.

"लेम्या, म्हातारीचं नाक गेलं रे," दुसरा पंच क्लाइड हसला. "ही दुसरी खोटी खूण. बाद!"

"सरक पुढे, पोरी," लेमने तिला थोपटलं. ती हलेल तर शपथ.

"त्याला वेळ दे, क्लाइड," टार्पली गुरकावला.

लेमने तिच्या नाकासमोर टाच हाणली. पापुद्रा फुटला आणि खालून दहाबारा लावे भर्रकन उसळले, एक तर तिच्या कानाला घासून गेला. ती बिचकते का हे दाखवायला लेमने नियमाप्रमाणे हवेत बार काढला. सेडीची पापणीही लवली नाही.

टार्पलीने नकळत टोपी काढली.

"लिही की तिचे गुण आता!" क्लाइड म्हणाला.

"काय लिहू, कप्पाळ?" टार्पलीने टोपी तशीच हातात धरली. "तूच बघ ना तिच्याकडे."