उबदार बाक

समकालीन कलेचा मला कंटाळा आलाय, हे आमच्या धंद्यात उघड बोलायचं नसतं. नव्या शिल्पकारांच्या प्रदर्शनासाठी मी कामं निवडते. छताला टांगलेल्या खुर्च्या पाहून झाल्या, भिंतीतून बाहेर आलेले हात पाहून झाले, अंधाऱ्या खोलीत घोरणारा पडदाही पाहून झाला. शोधायला जायचं काहीतरी नवं आणि घरी घेऊन यायची पाठदुखी, असं कित्येक वर्षं चाललंय.

यंदा त्यात भर म्हणजे लेकीनंही काम पाठवलं होतं. प्रदर्शन पस्तिशीच्या आतल्यांसाठी, म्हणजे तिची ही शेवटची संधी. नाही झालं तर ऑफिसची कपाटं डिझाइन करायची नोकरी धरते, असं तिनं सांगूनच टाकलं होतं.

आमच्याकडे कामावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. नावं निवड झाल्यावर उघडतात. घरच्या माणसाचं काम समोर आलं की परीक्षकानं मुकाट्यानं बाहेर जायचं. आत राहून मत दिलं तर ते काम बाद.

"फोटो तरी बघून ठेव," लेक म्हणाली होती.

"काही नको. आधी कळलं तर माझ्या तोंडावर दिसेल. समोर आलं की ओळखेनच मी. आई आहे तुझी."

निवडीच्या दिवशी आम्ही परीक्षक गोदामात पाय ओढत फिरत होतो. आमचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे आर्किटेक्ट. प्रत्येक कामाला आधी बोटानं टकटक करतात, जणू कलिंगड घ्यायला आलेत. दुपारी आमच्यासमोर मातीची कबुतरं आली. रांगेत बसलेली, प्रत्येकाची मान जराशी कललेली. कॉलेजात असताना लेक अशीच कबुतरं करायची, घरभर ठेवायची. कामं बेताचीच होती, पण ही तिचीच, अशी माझी खात्री पटली. "मी बाहेर थांबते," असं म्हणून मी निघाले. व्हरांड्यात नळापाशी उभी राहून तहान नसताना पाणी प्यायले.

परत आले तेव्हा कबुतरं कोपऱ्यात सरकवलेली होती. अध्यक्षांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. संपलं, आता पोरगी कपाटं करणार. समोर जे दिसलं त्यावर मी बसले. साधा लांब लाकडी बाक होता. तेही एक काम आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

बाक गार होता. टेकवलेल्या हाताखाली मात्र लाकूड उबदार लागलं, जणू आत्ताच कुणीतरी तिथून उठून गेलं होतं. मी त्या जागी सरकले, तर ऊब पुढे गेली होती. पुन्हा सरकले, ती आणखी पुढे. बाकाच्या टोकापर्यंत मी एखाद्या खुळ्या बाईसारखी सरकत गेले आणि तिथे पोचल्यावर मला चक्क रडू आलं. लाकडाच्या आत तारा असणार, काहीतरी युक्ती असणार, हे कळत होतं. तरीही डोळे थांबेनात.

अध्यक्ष बाकावर टकटक करून पुढे निघाले होते. "बाक आहे हो नुसता," म्हणाले.

"बसा," मी म्हणाले. "आधी बसा, मग बोला."

सगळ्यांना एकेक करून बसवलं. इतकी भांडले, इतकी बोलले, की कुणाला तोंड उघडायला जागा ठेवली नाही. बाक पहिल्या क्रमांकानं निवडला गेला. कितीतरी वर्षांनी मला माझं काम आवडलं.

संध्याकाळी नावं उघडली. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "आडनाव तुमचंच दिसतंय." मग नाव वाचलं. ते माझ्या लेकीचं होतं.

"पण तुम्ही तर बाहेर गेला होतात ना?"

"ते कबुतरांसाठी."

"माझं मत वजा करा," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही बोललात म्हणून आम्ही बसलो. ते कसं वजा करू?" ते चिडले नव्हते. तेही दमले होते.

मी तशीच लेकीच्या वर्कशॉपवर गेले. ती फळी घासत होती, भुवयांवर भुसा बसला होता. दारातच उभी राहून मी एका दमात सगळं सांगितलं. आता ही ओरडेल, म्हणून मी वाट पाहत राहिले. ती ओरडली नाही.

"आत काय म्हणालीस तू?"

"म्हटलं, इतक्या वर्षांत काहीतरी मला पहिल्यांदाच येऊन भिडलंय. आणि रडले."

"खरंच रडलीस?"

"अध्यक्षांना विचार."

तिचा चेहरा क्षणभर उजळला. बाद झाल्याचंही ती विसरली असावी. मला वाटलं, निभावलं एकदाचं. तेवढ्यात तिनं पॉलिश पेपर खाली ठेवला.

"आणि माझं समजून तू ज्याच्यासाठी बाहेर गेलीस, ती कबुतरं. ती चांगली होती?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. पण दिवसभर खरी मतं देऊन जिभेला तेच वळण लागलं होतं.

"नव्हती," मी म्हणाले.