खंदकावरची फळी

वासुदेवराव सुनेशी बोलत, पण मुलामार्फत. मुलाच्या लग्नाला न जाऊन राखलेला मान त्यांनी चार वर्षं नेटाने सांभाळला होता. "हृषिकेश, हिला विचार, चहा उरलाय का," असं ते किटली हातात घेतलेल्या मुक्तासमोरच म्हणत. उद्या ते पुण्याला परतणार होते.

इंग्लंडमधल्या मध्ययुगीन खंदकवाल्या घरांवर मुक्ताची पीएच.डी. चालली होती. तसाच एक खंदक इथे जर्मनीत, ते दोघं राहत त्या इंगोलश्टाटबाहेरच्या शेतात होता, आणि आज तो बघायला तिघं आले होते. मधे गवताळ उंचवटा, भोवती पाणी, पाण्यावर एक फळी. ऑफिसचा फोन आला म्हणून हृषिकेश गाडीपाशीच थांबला, आणि बेटावर सासरे आणि सून दोघंच उरले.

दुभाषा नसल्यामुळे वासुदेवरावांनी समोरच्या झाडाला विचारलं, "शत्रू कोण होता यांचा?"

"कोणी नाही, बाबा," मुक्ता म्हणाली. "इंग्लंडात असे हजारो आहेत. बहुतेकांनी मानासाठी खणले. इथे मोठा माणूस राहतो, हे शेजाऱ्यांना कळावं म्हणून."

"हल्ला?"

"बहुतेकांवर कधी झालाच नाही. घरात ओल मात्र आली असणार."

वासुदेवराव शेवाळलेल्या पाण्याकडे बघत राहिले. त्यांच्यावरही चार वर्षांत कोणी चाल करून आलं नव्हतं.

परतताना मुक्ता पुढे झाली. त्यांनी पाय ठेवताच फळी हलली. पलीकडून हृषिकेश ओरडला, "बाबा, थांबा, मी येतो!"

"तू नको," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "मुक्ता, हात दे गं."

फळी दोघांच्या वजनाने आणखीच वाकली. तिने हात सोडला नाही.