तिकीट पक्के, जागा नाही

मित्रांनो, मला पाहून कुणी पक्कड म्हणते, कुणी नखे कापायचे हत्यार. परवा एका शहाण्याने तर मला अक्रोड फोडायला काढले होते. तुमचाही गोंधळ व्हायला नको म्हणून आधीच सांगतो, मी एक जुना तिकीट पंच आहे. पूर्वी बसमध्ये कंडक्टर कागदाचे तिकीट फाडून देत आणि देण्याआधी त्याला भोक पाडत. ते भोक पाडणारा मी. आता तिकिटे यंत्रातून सुरळीसारखी बाहेर पडतात, भोक कुणालाच नको आहे, म्हणून तुमची नि माझी गाठ पडली नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तापलेल्या पोलादावर घण पडले, मग घासणी झाली, मग दोन्ही जबड्यांच्या मध्ये स्प्रिंग बसली आणि मला दात आला. एकच, पण काय बिशाद की कागद त्यातून सुटेल! डेपोत मला एका तरुण कंडक्टरच्या हाती दिले. ते नवे, मीही नवा. तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणतो.

आम्ही दोघांनी उभी हयात बसच्या त्या अरुंद वाटेत काढली. मास्तर गर्दीतून वाट काढत आणि मी त्यांच्या हातात टिकटिक करत असे. झोपलेला माणूसही माझा आवाज ऐकून खिसे चाचपू लागे. माझी एक समजूत होती, अजूनही आहे. तिकिटाला भोक पडले की तो दिलेला शब्द झाला. हा माणूस आता मुक्कामाला पोचणार. एकदा डेपोच्या चुकीने एकाच आसनाची दोन तिकिटे विकली गेली. मास्तरांनी एकाला तिथे बसवले, दुसऱ्याला स्वतःची जागा दिली आणि घाटाचा सगळा रस्ता उभ्याने काढला. उतरताना लोकांनी त्यांचे कौतुक केले, तर हे लाजून घंटीच्या दोरीशी चाळा करत राहिले.

असे माझे मास्तर. माणूस सोन्यासारखा, पण भिडस्त. कुणी अंगावर ओरडले तर हेच मान खाली घालत. त्यांचा ड्रायव्हर म्हणायचा, "मास्तर, भीड भिकेची बहीण असते, जरा खमके व्हा." मास्तर हसत आणि डबल बेल देत.

पुढे यंत्रे आली आणि माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. संपलेले सेल, तुटकी किल्ली आणि रबरबँड यांच्या संगतीत मी गंजत पडलो. एकेकाळी ज्याच्या आवाजाने सगळी बस जागी व्हायची, त्याच्यावर ही वेळ. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू? पण मास्तर निवृत्त झाले तरी प्रवासाला निघताना मला सदऱ्याच्या खिशात टाकत. रिकाम्या हाताने प्रवास त्यांना जमतच नसे.

आता खरी गोष्ट सांगतो. मास्तरांना एक धाकटी बहीण आहे. केस पांढरे झाले तरी ती घरात बारकीच. ती दूरच्या शहरात एकटी राहते. तिच्या हृदयाची एक झडप बिघडली होती आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बाहेरून एका ठरलेल्या सकाळपुरते यायचे होते. बारकी हट्टी. दादा डोळ्यांना दिसल्याशिवाय मी आत जाणार नाही, असे तिने डॉक्टरांना तोंडावर सांगून टाकले. शेजारच्या मुलीने मोबाइलवर आदल्या दिवशीच्या विमानाचे तिकीट काढून दिले. मास्तर जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते. तिकीट पक्के आहे ना, हे त्यांनी त्या मुलीला इतक्यांदा विचारले की ती बिचारी दमली.

विमानतळावर तपासणीत मी सापडलो. पहारेकरी वयस्क होता. त्याने मला उलटसुलट पाहिले, एकदा टिक केले आणि हसून परत दिले. लहानपणी तोही बसनेच शाळेत जात असणार.

विमानात चढायच्या दारापाशी मात्र गडबड झाली. काउंटरवरच्या मुलीने मास्तरांचा कागद पाहिला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, विमान भरले. मास्तरांना काही उमगेना. त्यांनी तिकीट पुन्हा पुढे केले. तिने समजावले, काही लोक ऐनवेळी येत नाहीत म्हणून कंपनी जागांपेक्षा जास्त तिकिटे विकते. आज सगळेच आले.

ऐकून माझी स्प्रिंगच आखडली. जागा नसताना विकलेले तिकीट! आमच्या डेपोत ती चूक होती, इथे तो रिवाज होता.

मास्तर भाबडेपणाने म्हणाले, "ताई, मी उभ्याने येतो. मला सवय आहे."

रांगेतले लोक हसले. मास्तरांचे कान लाल झाले. तेवढ्यात मागून एक गृहस्थ पुढे घुसले आणि काउंटरवर थाप मारून त्या मुलीला नाही नाही ते बोलले. तिचे डोळे भरून आले. आणि मित्रांनो, तिथेच सगळे बिनसले. मास्तरांना काउंटरपलीकडे ती मुलगी दिसेना, त्यांना खाकी कपड्यांतले स्वतःच दिसू लागले. चूक डेपोची आणि शिव्या कंडक्टरला, हे त्यांनी आयुष्यभर सोसले होते. या पोरीला आपण आणखी त्रास द्यायचा नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले.

तिने एक कागद पुढे सरकवला. ही नुसती नोंद आहे काका, म्हणाली. सही करा, उद्या दुपारच्या विमानात जागा देते आणि जेवणाचे कूपनही. उद्या दुपारी! डॉक्टर तर सकाळीच परतणार होते. मास्तरांनी बहिणीचे सांगितले, पण इतक्या हळू, की त्या गोंगाटात ते तिच्यापर्यंत पोचले नसावे. आणि मग त्यांनी सही केली. मी खिशात तडफडत होतो. बोंबलून सांगावेसे वाटत होते, मास्तर, वाचा तरी! पण मला आवाज एकच आणि तोही दुसऱ्याने दाबल्याशिवाय निघत नाही.

मास्तर काचेजवळच्या बाकावर बसले. विमान मागे सरकू लागले होते. फोन वाजला. बारकी होती. दादा, बसलास का विमानात, असे तिने विचारले आणि मास्तर म्हणाले, बसतोच आहे. फोन ठेवल्यावर त्यांचा हात खिशात आला. टिक. टिक. टिक. मला माझ्या सगळ्या जन्मात इतकी भीती कधी वाटली नव्हती. ती हट्टी बाई खरेच आत गेली नाही तर? डॉक्टर निघून गेले तर?

शेजारी एक बाई येऊन बसल्या. त्यांचे चष्म्याचे दुकान होते. त्याही मागे राहिल्या होत्या, पण मजेत. त्यांना घाई नव्हती, फुकटच्या प्रवासाचे कूपन मिळाले म्हणून त्यांनी आपणहून जागा सोडली होती. मास्तरांचा चेहरा पाहून त्यांनी चौकशी केली आणि एकेक करून सगळे काढून घेतले.

"सही कशावर केलीत?" त्यांनी विचारले.

"नोंद होती कसलीशी."

बाईंनी पर्समधून स्वतःची प्रत काढून त्यांच्यासमोर धरली. "हीच ना? यात लिहिलंय की मी माझ्या खुशीने जागा सोडत आहे. मी खुशीने राहिले काका. तुम्ही खुशीने राहिलात का?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

बाई उठल्या. काउंटरच्या बाजूला एका मोठ्या कुंडीआड एक पाटी लावलेली होती. त्यावरची अक्षरे मुंगीएवढी. पण बाईंचा जन्म बारीक अक्षरे वाचण्यात गेलेला. त्यांनी पाने बाजूला सारली आणि मोठ्याने वाचून दाखवले. ज्याचे तिकीट पक्के आहे, जो वेळेवर आला आहे आणि ज्याने आपणहून जागा सोडलेली नाही, त्याला कंपनीने लवकरात लवकर पोचवायचे, लागले तर दुसऱ्या कंपनीच्या विमानाने. शिवाय वर नुकसानभरपाई द्यायची. ज्याने खुशीने जागा सोडली, त्याला यातले काही नाही. जे ठरले असेल तेवढेच.

म्हणजे एका सहीने मास्तरांनी दोन्ही गमावले होते. बाई म्हणाल्या, चला परत. मास्तर जागचे हलेनात. त्या मुलीला पुन्हा कशाला त्रास, असे पुटपुटले. तेव्हा बाई खेकसल्या, ती मुलगी संध्याकाळी घरी जाईल, तुमची बहीण कुठे जाईल?

मास्तर उठले.

आता काउंटरवर साहेब आले होते. त्यांनी कागद पाहिला आणि सही केलीत म्हणजे विषय संपला, असे गोड शब्दांत सांगितले. मास्तर नेहमीप्रमाणे मान खाली घालणार, असे मला वाटले. पण त्यांनी खिशातल्या मला घट्ट धरले आणि मान वर केली.

"साहेब, मीही आयुष्यभर तिकिटंच दिली. माझ्या हातून चुकीचं तिकीट फाटलं तर मी ते रद्द करून दुसरं द्यायचो. माणसाला वाटेत उतरवत नव्हतो. माझ्या बहिणीचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे. मी खुशीने थांबलेलो नाही."

साहेब काही बोलणार, एवढ्यात ती मुलगीच म्हणाली, "सर, मी काकांना ही नुसती नोंद आहे असं सांगितलं. काय लिहिलंय ते वाचून दाखवलं नाही." साहेबांनी तिच्याकडे असे पाहिले, की उद्या तिचे काही खरे नाही, हे माझ्यासारख्या लोखंडालाही कळले.

पण चार लोक ऐकत उभे होते. साहेब कागद घेऊन आत गेले. आम्ही उभे राहिलो. आतून फोनवर बोलण्याचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. शेवटी ते बाहेर आले. दुसऱ्या कंपनीच्या संध्याकाळच्या विमानात एक जागा होती, पण ते पलीकडच्या इमारतीतून सुटणार होते आणि दार बंद व्हायची वेळ जवळ आली होती. भरपाईसाठी मागाहून लेखी अर्ज करा, असे ते म्हणाले. बाईंनी आपल्या प्रतीच्या मागे स्वतःचा फोन नंबर लिहून दिला, साक्षीला मी आहे म्हणाल्या. मास्तरांनी त्या मुलीला हात जोडले आणि ते पळाले. या वयात पळाले!

पलीकडे पुन्हा तपासणी. इथला पहारेकरी तरुण होता, नियमाला पक्का. त्याने मला बाहेर काढले आणि सांगितले की हे हत्यार विमानात जाणार नाही, सामानात टाकायचे असेल तर परत बाहेर जावे लागेल. परत बाहेर म्हणजे विमान गेलेच. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. त्या एका क्षणात आमची सगळी नोकरी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असेल. मी मनात म्हणत होतो, जा हो, माझ्यासाठी कसले थांबता!

"ठेवून घ्या," ते म्हणाले. "तिकडे माझी बहीण वाट बघतेय."

त्यांनी मला ट्रेमध्ये ठेवले, पहारेकऱ्याने दिलेली, वस्तू परत न्यायची चिठ्ठी खिशात घातली आणि वळून न पाहता गेले.

तेव्हापासून मी ठेवींच्या कपाटात होतो. कात्र्या, चाकू, एक पाना, असा आमचा संसार. मुदत संपली की भंगारात, असे पाना म्हणायचा. मला भंगाराचे एवढे वाटत नव्हते. मला छळत होते ते दुसरेच. मास्तर वेळेवर पोचले का? बारकी आत गेली का? कपाटाचे दार उघडले की मी कान टवकारायचो, तर कुणीतरी आपली कात्री न्यायला आलेले असायचे. किती दिवस असे गेले, ते मला मोजता येत नाही. पण दर दिवशी मला वाटायचे, चांगली बातमी असती तर एव्हाना कुणी आले नसते का?

आणि मग एका सकाळी कपाटाबाहेर एका बाईचा आवाज आला. दमलेला, शब्दाशब्दाला थांबणारा. दार उघडले. पांढऱ्या केसांची, शाल घट्ट लपेटलेली बाई टेबलाला धरून उभी होती. तिच्या हातात ती चिठ्ठी होती.

कारकुनाने मला तिच्यापुढे ठेवले आणि हे तुमचेच का, म्हणून विचारले.

"माझं नाही, माझ्या दादाचं. मला आपल्या घरी घेऊन आलाय, आणि आता तिकडे विमान कंपनीच्या काउंटरवर भांडतोय. जन्मात पहिल्यांदा." ती हसली आणि छातीवर हात ठेवून जरा थांबली. "भरपाई मागितली तर नुसतं कूपन पाठवलं होतं त्यांनी. त्याने ते परत केलं."

थोड्या वेळाने मास्तर आले. भरपाई मान्य झाली होती, तसे लेखी मिळाले होते. ती काउंटरवरची मुलगी कुठे आहे, हेही ते विचारून आले होते. तिची बदली दुसरीकडे झाली होती. हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला. बारकीने त्यांचा हात धरला.

"दादा, त्या रात्री दवाखान्यात मी कपडे बदलून, पिशवी भरून बसले होते. तू आणखी थोडा वेळ आला नसतास तर मी घरी निघून गेले असते. आणि डॉक्टर म्हणाले, घरी गेले असते तर महिना काढला नसता."

मास्तरांनी मला उचलले, पण खिशात टाकले नाही. मला मुठीत धरून त्यांनी एकदाच दाबले. टिक.

मित्रांनो, आता मी पुन्हा त्याच खणात आहे, पण मला त्याचे वाईट वाटत नाही. अधूनमधून दोन थेंब तेल मिळाले की माझे भागते. तुमच्याकडे मागणे एवढेच, की समोरच्याची कीव जरूर करा, त्याला हात जोडा, पाणी द्या, पण त्याच्या भिडेपायी खोट्यावर सही करू नका. तुमच्या हातात पक्के तिकीट असेल, तर कुठेतरी कुणीतरी पिशवी भरून तुमची वाट पाहत बसलेले असते.