मनातला शब्द

तिनं पुठ्ठ्यावरच्या ‘ई’वर बोट ठेवलं आणि बाबांच्या पापण्या मिटल्या. ती बोट उचलणार तेवढ्यात त्या पुन्हा एकदा मिटल्या.

“दोन ई,” ती म्हणाली. “शब्द पाच अक्षरी. एक ए, दोन ई.”

खाटेच्या पायथ्याशी सर्जन हाताची घडी घालून उभे होते. आई भिंतीला टेकली होती. बाबांच्या घशात नळी होती, हात उशांवर ठेवले तसेच पडून होते, हलत होत्या त्या फक्त पापण्या. मेंदूतली गाठ पुन्हा वाढली होती. ऑपरेशन केलं तर वाचण्याची थोडी आशा होती, पण टेबलावरच जाण्याची भीती त्याहून मोठी. नाही केलं तर नळी काढून घरी न्यायचं, आणि मिळतील ते दिवस आपले म्हणायचे. निर्णय बाबांचाच हवा, असं सर्जननी सकाळीच बजावलं होतं. वर एक अटही घातली होती.

“हो-नाहीचे प्रश्न विचारू नका. ते सगळ्यांनाच हो म्हणतात. सिस्टरनी विचारलं, दुखतंय का, तर हो. बरं वाटतंय का, तर तेही हो. काय हवंय ते त्यांचं त्यांना सांगू दे.”

म्हणून हा पुठ्ठा. त्यावर अक्षरं इंग्रजी, कारण काना-मात्रा-वेलांट्या पापण्यांनी दाखवायच्या कशा? शिवाय हा बापलेकीचा जुना खेळ होता. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. गिऱ्हाईक तोंड उघडतं न उघडतं तोच हे विचारणार, अक्षरं किती? पाटीवरची जागा आधी वाटून घ्यावी लागते ना. तीच सवय त्यांनी घरी आणली. मनात एक इंग्रजी शब्द धरायचा. आधी अक्षरं किती ते सांगायचं, मग त्यातलं एकेक अक्षर, स्वर आधी, बाकीची मागाहून. समोरच्यानं शब्द ओळखायचा. लेक या खेळात कधी हरली नव्हती. सकाळी पुठ्ठ्यावरची तिची वेडीवाकडी अक्षरं पाहून बाबांचे डोळे बारीक झाले, तेव्हा तिचा जीव केवढा सुखावला होता.

आता खरं तर पुढचं अक्षर विचारायचं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तिचा स्वभाव लहानपणापासूनचा.

“अ‍ॅग्री!” ती जवळजवळ ओरडलीच. “ए, जी, आर, ई, ई. हो ना बाबा? ऑपरेशनला तयार आहात, असंच ना?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग डोळे घट्ट मिटले आणि सावकाश उघडले.

“झालं,” ती सर्जनकडे वळली. “शब्द त्यांचाच आहे. मी फक्त ओळखला.”

सर्जननी मान डोलावली. “ट्रॉली मागवतो. तोवर बाहेर थांबा.”

बाहेरच्या बाकावर दोघी टेकल्या. आईच्या जिवाला सकाळपासून घोर लागला होता. तो जरा उतरला तशी ती बोलू लागली.

“मला वाटलंच होतं, तू ओळखशील म्हणून. तू तर जिंकणारच. हे तुला हरू देतील तर ना.”

“म्हणजे?”

“अगं, शब्द मनातच तर असायचा. तू भलताच शब्द बोललीस आणि तो त्या अक्षरांत बसला, की हे आपला शब्द बदलून टाकायचे. वर म्हणायचे, बरोब्बर! मी एकदा रागावले, पोरीला फसवता कशाला? तर म्हणाले, तिचा पडलेला चेहरा मला बघवत नाही. माझं काय, मी दुसरा शब्द धरीन.”

आई हसत होती. लेक हसेना, तेव्हा तिनं वळून पाहिलं.

“नेहमी?” लेकीनं विचारलं.

“नेहमी कसं गं, कधीमधी,” आईनं सावरून घेतलं. “आजचं तसं नसेल. एवढ्या मोठ्या गोष्टीत कोण...”

ट्रॉली समोरून खडखडत आली आणि दारातून आत गेली.

लेकीला बाबा हवे होते. बोलले नाहीत, उठले नाहीत, तरी हवे होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि आईनंही पुन्हा हा विषय काढला नसता. आत बाबांच्या अंगाखाली चादर सरकवत होते. कुणीतरी म्हणालं, “उचला.”

“थांबा!” ती धावत आत शिरली. “मला पुन्हा विचारायचंय.”

सर्जनच्या कपाळावर आठ्या पडल्या. “उत्तर मिळालंय की. तुम्हीच ओळखलंत.”

“म्हणूनच.”

सर्जननी ट्रॉलीवाल्यांना हातानंच मागे व्हायला सांगितलं.

तिनं पुठ्ठा आईच्या हातात दिला. आई हा खेळ कधी खेळली नव्हती, तिच्या तोंडावरून बाबांना काही उमगण्यासारखं नव्हतं. लेक स्वतः खाटेच्या डोक्याकडे जाऊन उभी राहिली. तिथून तिला आईचं बोट दिसत होतं. बाबांना ती दिसत नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली, “आज मी ओळखणार नाही. मघाचा तुमचा मूळचा शब्द धरा. पाच अक्षरं, ए, ई, ई. पुढची तुम्ही सांगा.”

आईचं बोट ‘बी’वरून निघालं. सी. डी. एफ. दर अक्षराला आई थांबायची, बाबांच्या डोळ्यांकडे बघायची आणि मान हलवायची. बोट ‘जी’वर आलं. लेकीनं खाटेचा दांडा धरला.

“मीट ना,” ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

आई वाट बघत राहिली. बाबांच्या पापण्या उघड्याच होत्या.

“नाही गं,” आई म्हणाली, आणि बोट पुढे सरकलं. एच. जे. के.

‘एल’वर ते थांबलं.

“मिटले,” आई म्हणाली. “घट्ट मिटलेत.”

लेकीच्या डोक्यात पाचही अक्षरं आपोआप जुळली. निघण्याचा, निरोपाचा शब्द ओठांपर्यंत आला. डोळ्यांतलं पाणी उशीवर पडू नये म्हणून ती मागे सरकली.

“कळलं का?” सर्जननी हलक्या आवाजात विचारलं.

“अजून एक अक्षर राहिलंय,” ती म्हणाली. “सांगू दे त्यांना.”

आईनं बोट ‘एम’वर नेलं.