दुसऱ्या संघाचा ढकलगाडा

मी एक जुना लोखंडी ढकलगाडा आहे. रग्बी शिकवणारे आमचे मास्तर माझ्या फळीवर शेवटचे उभे राहिले ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. गवत ओलं होतं, माझा डावा सांधा कुरकुरत होता आणि आठ गडी माझ्या गाद्यांना खांदे लावून वाकले होते.

"गाडा ढकलताय की कुरवाळताय?" मास्तर ओरडले.

फाटकात त्यांची लेक उभी होती. "बाबा, आज रविवार आहे. जेवायला तरी घरी या."

"रविवार आहे म्हणून तर सगळे आलेत!" मास्तर हसत म्हणाले.

ती फाटकातूनच माघारी वळली. दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर झोपेतच गेले.

मित्रांनो, रग्बीच्या खेळात दोन्ही संघांचे तगडे गडी एकमेकांना घट्ट धरून, डोकी खाली घालून भिडतात आणि चेंडूसाठी समोरच्यांना मागे रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. त्याचा सराव करायचा तर समोर कुणीतरी अडून बसायला हवं. तो अडेलतट्टू म्हणजे मी.

मास्तर बसडेपोत वेल्डर होते. मोडीत निघालेल्या एका बसच्या सांगाड्यातून त्यांनी मला घडवलं. तिच्याच आसनांच्या माझ्या गाद्या झाल्या. मागे एक फळी बसवली. वजन म्हणून तिच्यावर ते स्वतः उभे राहत.

त्या काळी देशाच्या मुख्य संघातला गडी जायबंदी झाला, की त्याच्या जागी उभं करायला कुणी नसे. म्हणून होतकरू खेळाडूंचा दुसरा राष्ट्रीय संघ काढायचं ठरलं. शिकवायला एकही नावाजलेला माणूस तयार होईना, तेव्हा मास्तर पुढे झाले. पहिल्या सकाळी आले कोण, तर एक पोस्टमन, एक गवंडी, थोडे कॉलेजातले विद्यार्थी आणि बेकरीत काम करणारा एक धिप्पाड तरुण. त्याला सगळे 'कपाट' म्हणत. लोक हिणवत, "राखीव संघ कसला, उरलासुरला संघ!"

परदेशातल्या पहिल्या सामन्यात त्यांची अशी धूळधाण उडाली, की गुणफलक बदलणाऱ्यालाच दया आली असं म्हणतात. परतल्यावर मास्तरांनी सगळ्यांना स्टेशनवरून थेट माझ्यापुढे आणलं. "हरलोय, मेलो नाही. लावा खांदे."

ते खांदे मी वर्षानुवर्षं झेलले. पुढे शेजारच्या देशाच्या पहिल्या संघालाही याच खांद्यांनी मागे रेटलं. मग मुख्य संघाची निवड इथूनच होऊ लागली. आधी कपाट गेला. त्या दिवशी मास्तरांनी त्याला माझ्या फळीवर शेजारी उभं केलं आणि उरलेल्यांनी दोघांना मैदानभर ढकलत नेलं.

"तोंडं का पाडताय?" मास्तर म्हणाले. "त्याला पोचवायलाच तर आपण आहोत."

पुढच्या आठवड्यात स्क्रममध्ये कपाटाएवढं भोक! पुन्हा नवा गडी, पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. जितकं यश येई, तितका हा संघ रिकामा होई. मुख्य संघाला सरावासाठी रेट्याचा जोर काट्यावर दाखवणारं नवं यंत्र मिळालं. वर्तमानपत्रात आमच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येई. माझ्या गाद्या फाटल्या, त्या मास्तरांनी दाभण घेऊन स्वतः शिवल्या.

लेक विचारायची, "दुसऱ्यांची मुलं मोठी करता, ती निघून जातात. तुमच्या हाती काय राहतं, बाबा?" मास्तर माझ्या सांध्यांत तेल सोडत राहत.

ते गेल्यावर रग्बी संघटनेचे चिटणीस मैदानावर आले. "मास्तरच नाहीत, तर सध्या संघ बंद ठेवू. हा गाडाही भंगारात द्या." मास्तरांचे बूट न्यायला आलेली लेक ऐकत होती. मित्रांनो, 'सध्या' बंद ठेवलेलं पुन्हा सुरू होताना मी फारसं पाहिलेलं नाही. लोखंड स्वस्थ बसलं की गंजतं. माणसंही तशीच.

तेवढ्यात खेळाडू आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"ताई, जरा फळीवर उभ्या राहता का? नुसतं वजन हवंय."

"मग वाळूची पोती ठेवा की."

"पोती ओरडत नाहीत, ताई. आम्हाला ओरडणारं वजन लागतं."

तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंतच. चपला काढून ती वर चढली. माझा दांडा तिनं दोन्ही हातांनी धरला. गडी भिडले. मी जागचा हललो नाही.

"डावीकडचे झोपलेत का?" ती ओरडली, आणि स्वतःच दचकली.

ते पुन्हा भिडले. या वेळी माती उकरत मी मागे सरकलो. वाकलेल्या पाठी, लाल झालेल्या माना, सुजून जाड झालेले कान ती पहिल्यांदाच वरून पाहत होती.

"हे असं कुठवर चालवणार?" चिटणीसांनी विचारलं.

"नवे मास्तर मिळेपर्यंत," लेक फळीवरूनच म्हणाली. " मी रोज सकाळी येईन."

चिटणीसांनी भंगाराची गोष्ट पुन्हा काढली नाही.

मित्रांनो, मागे राहून दुसऱ्यांना पुढे धाडणाऱ्यांना जपा. माझ्यासारख्याला तेलाचे दोन थेंब पुरतात. माणसाला मात्र तो असतानाच दोन शब्द द्यावे लागतात.

गडी पाणी प्यायला थांबले, तरी ती फळीवरून उतरली नाही. रिकाम्या मैदानाकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तुमचा संघ मी बंद पडू देणार नाही. पण ते रविवार मला हवे होते, बाबा."