हात न लावता पन्हाळा

शाहू महाराजांच्या राजवटीत कोल्हापुरात मोटारी मोजक्याच होत्या, आणि त्यांतली भाड्यानं पन्हाळ्याला जाणारी एक आमची होती. जोतीराम ती हाकायचा आणि मी, ख्वाजा मिस्त्री, तिला जिवंत ठेवायचो. वाटेतलं वाघबीळ सोडून वरचं उभं वळण आलं, की इंजिनाला धाप लागायची. मग जोतीराम ओरडायचा, "उतरा पावणं!" बायका चालायच्या, पुरुष मागून ढकलायचे. भाडं देऊन वर ढकलायचं, पण कुणाला त्याचं काही वाटत नसे. रीतच पडून गेली होती.

वाटलं ते आक्काला. आक्का म्हणजे जोतीरामची आई. सगळी गल्ली तिला आक्काच म्हणायची. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळं ती एकटीच गाडीत बसून राहायची. आदल्या साली ढकलता ढकलता कुणीतरी हसत म्हणालं, "गाडी जड का आक्का जड?" आक्का तेव्हा हसली. घरी येऊन मात्र तिनं सांगून टाकलं, "लोकांच्या हातानं वर जायाला मी काय मढं हाय?"

तेव्हापासून ती पन्हाळ्याला गेली नाही. तिची लेक चिमणाबाई तिथंच नांदत होती. आता चिमणाबाईला मुलगी झाली, बारसं तोंडावर आलं आणि आक्का आतून तुटायला लागली. तरी अट कायम. "येते की. पर गाडीला कुणाचा हात लागला, तर तितनंच माघारी फिरीन."

जोतीराम माझ्याकडं आला तो भांडायच्या तयारीनंच. "गडावरची हवा पातळ, ख्वाजा. इंजिनाला घासच कमी मिळतोय. हाय त्यो तरी घट्ट दाबाय पायजे."

म्हणणं खरं होतं. आमच्या शिलिंडरांच्या बुडाशी तांब्याचे दोन पत्रे होते. पत्रा काढला की शिलिंडर तेवढा खाली बसतो, पिस्टनच्या डोक्यावरची जागा आक्रसते आणि पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाते. दाब वाढला की जोर वाढतो. पण खाली कोल्हापुरात हवा दाट. तिथं दाब फाजील झाला, की इंजिन आतून ठोके देतं, आणि ठोके पिस्टनचा जीव घेतात.

"दोन्ही पत्रं काढ," तो म्हणाला.

"एकच काढायचा."

"आई माझी हाय!"

"आन् इंजिन काय तुझ्या सासऱ्याचं हाय?"

शेवटी त्याचाच हट्ट चालला. दोन्ही पत्रे काढले. गाडी सुरू करताना हँडलनं असा उलटा झटका दिला, की जोतीराम शेणाच्या पाटीत जाऊन बसला. पंचगंगेच्या पुलाकडून गावात चढताना तर इंजिनात लोहाराचं दुकानच सुरू झालं. परत येऊन तो खालच्या आवाजात म्हणाला, "घाल एक पत्रा." मी तोंड मिटून घातला. त्या घटकेला बोललो असतो, तर दोस्ती गेली असती.

नुसता दाब वाढवून भागत नाही, तो गळता कामा नये. जोतीरामला मुंबईचे नवे हलके पिस्टन हवे होते. मी जुने बिडाचेच ठेवले, कारण ते अजून सरळ होते. रिंगा मात्र नव्या बसवल्या आणि व्हॉल्व घासून घट्ट केले. इंजिन असं गोड चालायला लागलं, की मला घरी जावंसं वाटेना.

निघायच्या दिवशी आक्का आली. तिच्यामागून पाळणा आला, गुळाची ढेप आली, तांदळाचं पोतं आलं, डिंकाच्या लाडवांचा डबा आला. आम्ही आक्काचं वजन धरलं होतं. लेकीकडं निघालेल्या आईचं धरलंच नव्हतं. त्यात पावणे भरलेले. मी पायरीवर लटकलो आणि मनात अल्लाचं नाव घेतलं.

वळण आलं. इंजिनाचा आवाज खाली गेला. जोतीरामनं तोंड उघडायच्या आत सगळे पावणे सवयीनं खाली उतरले आणि पुरुषांनी मागं हात लावले. सगळ्यांत आधी उडी मारली होती मी.

आक्कानं मागं वळून बघितलं. "ख्वाजा! तूबी?" तिचा चेहराच पडला. "जोतीराम, थांबीव. मला वर जायाचं न्हाय."

चढावर थांबली असती तर गाडी पुन्हा निघाली नसती. जोतीराम जीव खाऊन ओरडला, "काढा हात! आरं काढा की!"

आम्ही हात वर केले. गाडी थरथरली, एक क्षण जागीच राहिल्यागत वाटली, आणि मग चालायला लागली. पाळणा, गूळ, तांदूळ आणि आक्का यांना घेऊन ती वळणाआड गेली, आणि आम्ही दरोडेखोरानं अडवल्यागत हात वर करून रस्त्यात उभे. वरून आक्काचं खळखळून हसणं ऐकू आलं.

धापा टाकत मी चिमणाबाईच्या दारात पोचलो, तेव्हा आक्का भिंतीला टेकून बसली होती आणि नात तिच्या मांडीवर होती. मी शरमून उंबऱ्याबाहेरच थांबलो.

"आत ये," आक्का म्हणाली. "हात धू."

मी धुतले. तेल काही जाईना. तशाच माझ्या हातांत तिनं ती चिमुकली ठेवली.

"गाडीला न्हाय, हिला लाव हात," ती म्हणाली. पोर उबदार होती, आणि इंजिनापेक्षा कितीतरी हलकी.