शाळेच्या नळाचा ठराव

ग्रामसभेत ठराव मांडायला सूचक लागतो, आणि तो गावचा मतदार असावा लागतो. हर्षाली मॅडम आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, पण त्यांचं मत नाशकात, इंदिरानगरला. म्हणून त्या वाचनालयात माझ्याकडे आल्या.

"केरूनाना, पोरं दिवसभर पाणीच पीत नाहीत. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. शुद्ध पाण्याचं मशिन यंदाच्या ग्रामनिधीतून मिळालं तर मिळालं, नाहीतर आणखी एक वर्ष असंच. तुम्ही अर्ज लिहा आणि उभे राहा."

लिहिणं मला जमतं. उभं राहण्याचं सांगता येत नव्हतं. तीस वर्षं मी या वाचनालयात पुस्तकं देतो-घेतो, सभेला दरवर्षी जातो आणि मागच्या सतरंजीवर बसून घरी येतो. तरी हो म्हणालो.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेच्याच पटांगणात सभा बसते. सरपंच सावळीराम यांनी आधीच ठरवलं होतं, निधी कमानीला. "पिंपळगावच्या रस्त्यानं जाणाऱ्याला कळाया पाहिजे, हितं गाव हाय म्हणून," ते म्हणाले. माणसांनी माना हलवल्या. कमान कुणाला नको असते?

मग ग्रामसेवक भाऊसाहेबांनी माझा अर्ज वाचायला घेतला. चार पानं होती, गावच्या पाण्याच्या इतिहासापासून सुरू होणारी. दुसऱ्या पानावर ते थांबले.

"नाना, शाळेचा नळ कितव्या पानावर आहे? अजून यादवकाळातल्या बारवेतच आहोत आपण."

पटांगण हसलं. मीही हसलो, कारण त्यांचं बरोबर होतं. अर्ज परत घेतला, घडी करून खिशात घातला आणि उभाच राहिलो.

तेवढ्यात सोमनाथ उठला. सहा एकर द्राक्षबाग, ग्रामपंचायतीचा सदस्य, बोलायला मोकळा. "आम्ही ह्याच शाळंत शिकलो, हितलंच पाणी पिलो. मेलो का?"

"मेला न्हाईस बाबा," शाळेत खिचडी शिजवणाऱ्या लंकाबाई बायकांच्या बाजूने म्हणाल्या. "तुझ्या येळेला आड व्हता. बोअर मागनं पाडली. या पाण्यात डाळ शिजत नाय. दोन तास जाळ घातला तरी डाळ डोळे वटारून बघती. खिचडीचं पाणी मी डोक्यावर घरून आणते."

"मंग प्यायचं बी आणा की, काकू!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तू ये की हंडा घ्यायला!"

पुन्हा हशा झाला. विषय हसण्यावारी जाणार, हे मला दिसलं.

"सोमनाथ," मी म्हणालो, "काल तुझ्या बागेत टँकर उभा होता. कशाला?"

"फवारणीला, नाना."

"तुझी बोअर आहे की."

"आहे, पण त्या पाण्यात औषध फुटतं. मण्यांवर पांढरे डाग पडत्यात. आसा माल एक्सपोर्टवाला हातात धरत नाय."

"तुझी योगिनी कितवीत आहे आता?"

"तिसरीत. हितंच हाय की..."

त्याने शाळेच्या नळाकडे पाहिलं.

सोमनाथने वरच्या खिशातून पाण्यातले क्षार मोजायचा पेनासारखा मीटर काढला. फवारणीच्या दिवसांत आमच्याकडे निम्म्या खिशांत तो असतोच. तो नळापाशी गेला, पेल्यात पाणी घेतलं, मीटर बुडवला. सभा मान उंचावून बघत होती.

"किती?" सरपंचांनी विचारलं.

"चौदाशे."

कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पाचशेच्या वरचं पाणी फवारणीच्या टाकीत ओतताना हात आखडणारी माणसं बसली होती समोर.

सावळीराम मात्र कच्चे नव्हते. "मशिन बसवू. पण चालवणार कोण? हात धुवायच्या बेसिनाच्या तोट्या तीन महिन्यांत गेल्या. हे बी तसंच धूळ खात पडायचं."

प्रश्न खरा होता. हर्षाली मॅडम काही बोलणार, तोच सोमनाथ म्हणाला, "द्राक्षांच्या पॅकहाऊसला प्यायच्या पाण्याचं मशिन हाय, ते मीच बघतो. शाळेचं बी बघीन. दर महिन्याला धुणं, कँडल बदलणं माझ्याकडं. लिहून घ्या, भाऊसाहेब. अनुमोदक म्हणून बी माझंच नाव लिहा."

"आणि किल्ली माझ्याकडं," लंकाबाई म्हणाल्या.

हात वर झाले. बायकांचे आधी, मग बागवाल्यांचे. शेवटी सावळीराम यांनीही हात वर केला. "कमान काय कुठं पळून जात नाय," ते म्हणाले, पण चेहरा पडला होता. भाऊसाहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि मी सूचकाच्या जागी सही केली.

सभा उठल्यावरही माणसं हलेनात. सगळे स्वयंपाकखोलीच्या बाहेरच्या भिंतीपाशी जमले. नव्या मशिनचा नळ किती उंचीवर घ्यायचा, यावरून जुंपली होती. सोमनाथ छातीपाशी हात धरून उभा. सरपंच म्हणत होते, आणखी वर, म्हणजे पोरं लोंबकळणार नाहीत.

"तुम्ही पिणार हायसा का?" लंकाबाईंनी दोघांनाही बाजूला केलं, वाकून आपल्या कमरेच्या जरा खाली भिंतीला तळवा टेकवला. "पहिलीचं लेकरू एवढं असतं."

मॅडमनी खडू पुढे केला. सावळीराम यांनी तो घेतला, गुडघ्यावर बसले आणि लंकाबाईंच्या हाताखाली भिंतीवर रेघ ओढली.